गावची शर्यत: कुठून आली आणि काय देऊन गेली
(मौदा येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



पहाटे पाच वाजता आपल्या भंडारा रोडवर उभं राहून बघा. रस्त्याच्या कडेनं पोट्टे पळताना दिसतात, पोट्ट्याही दिसतात. समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर येतात, तरी ते पळतात. काय चाललंय म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "भरतीची तयारी." पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर असतं, मुलींना ८०० मीटर. मग २६ जानेवारीला गावात शर्यत होते, तेव्हा हीच मुलं पुढं असतात. टाळ्या होतात, ढाल मिळते, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी कोण किती वेळात धावलं ते कोणालाच आठवत नाही.

आज मला याच शर्यतीबद्दल बोलायचं आहे. कारण भारत ऑलिम्पिकला गेला, त्याची सुरुवातच अशा एका रस्त्यावरच्या शर्यतीपासून झाली.

साल १९१९. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा होत्या. अध्यक्ष होते दोराबजी टाटा, जमशेटजींचे चिरंजीव. इंग्लंडमध्ये शिकलेला माणूस, तिकडच्या शर्यती बघितलेला. त्यांना इथं काय दिसलं? शेतात राबणारी, साध्या भाकरीवर वाढलेली मुलं. पायात काही नाही, शिकवणारा कोणी नाही, नियमांची माहिती नाही. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांनी घेतलेला वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारा! टाटांनी हे मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कानावर घातलं, आणि १९२०च्या ॲंटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू पाठवायचं ठरलं. खर्चाला टाटांनी स्वतःचा हात लावला.

त्या वेळचा एक किस्सा सांगतात. शंभर मीटरला पात्र ठरायला किती वेळ लागत असेल, असं विचारल्यावर जिमखान्यातल्या एका जाणत्या माणसानं सांगितलं, "असेल मिनिट-दोन मिनिटं." तिथं तर सेकंदाच्या दहाव्या भागाचा हिशेब असतो, हे कळल्यावर सगळे थक्क झाले म्हणे. आपण हसतो, पण मुद्दा हसण्यापलीकडचा आहे. धावणारे होतेच हो. नव्हतं ते मोजणं.

तर सहा जण गेले, चार धावपटू आणि दोन मल्ल. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले. २२ ऑगस्ट १९२० रोजी ते ऑलिम्पिक मॅरेथॉन धावले. त्या वर्षी अंतर होतं पाऊण किलोमीटर वर बेचाळीस, म्हणजे ४२.७५ किलोमीटर. नागपूरच्या झिरो माइलवरून निघालात तर मौदा मागं टाकून आणखी पुढं जावं लागेल, एवढं. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले आणि १९वे आले.

आता या आकड्याचा हिशेब करू. किलोमीटरला जवळपास बरोबर चार मिनिटं पडतात. म्हणजे भरतीचं १६०० मीटर सहा मिनिटं चोवीस सेकंदांत. इथं बसलेले पोट्टे म्हणतील, "सर, आम्ही याहून जोरात पळतो." खरं आहे. पण तेच अंतर त्याच वेगानं न थांबता सव्वीस वेळा धावायचं, आणि वर सत्ताविसावंही अर्ध्याहून जास्त. करून बघा!

पुढं १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली, टाटा पहिले अध्यक्ष झाले. त्या मुळाशी कोण होतं, तर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं.

हे जुनं झालं असं समजू नका. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायी तुडवायचा. पाय तयार होते, पण ते जगाला दिसले सैन्यात गेल्यावर, तिथल्या क्रॉस-कंट्री शर्यतीत. २०२३च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण त्यानं आणलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओत ऑलिम्पिकची अंतिम फेरी धावली.

आणि लता करे. मूळच्या आपल्या विदर्भातल्या, बुलढाणा जिल्ह्यातल्या. पोटासाठी बारामतीजवळ गेलेल्या. साठी ओलांडलेली ही बाई २०१४ मध्ये नऊवारी नेसून, अनवाणी, बारामतीच्या शर्यतीत धावली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते. तिनं सराव कुठं केला असेल? शेतमजुरीत. हे ऐकून आपल्याला अभिमान वाटतो, पण थोडी लाजही वाटली पाहिजे. दवाखान्याच्या पैशासाठी कोणाला धावावं लागू नये.

मग गावच्या शर्यतीचा वारसा काय? शर्यत धावपटू घडवत नाही. तो शेतात, शाळेच्या वाटेवर, मजुरीत आधीच घडलेला असतो. शर्यत त्याला सगळ्यांसमोर आणते. पण त्यासाठी तिनं मोजलं पाहिजे, लिहून ठेवलं पाहिजे.

म्हणून आयोजकांना एवढंच सांगणं. डीजेचा खर्च थोडा कमी करा. अंतर टेप लावून नीट मोजा. घड्याळ घेऊन दोघं जण शेवटच्या रेषेवर बसवा. पहिल्या तिघांचाच नाही, शेवटच्याचाही वेळ वहीत लिहा. मुलींची शर्यत त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच बक्षिसाची ठेवा. तासभर वाहनं थांबवा. आणि ती वही पुढच्या वर्षी उघडा.

भरतीचं वय निघून गेलं की आपली मुलं पळणं सोडतात. त्यांच्यात एखादा चौगुले होता का, हे त्या वहीतूनच कळेल. नाहीतर तो रोज पहाटे आपल्यासमोरून पळून जाईल, आणि आपल्याला वाटेल, भरतीचा पोट्टा आहे.