कादंबरीतील बदलता दृष्टिकोन

एकच कथा आळीपाळीने अनेक पात्रांच्या प्रथमपुरुषी निवेदनांतून सांगण्याचे तंत्र. विल्की कॉलिन्झच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) मध्ये ते मुख्यतः साक्षीपुरावा जुळविण्यासाठी येते. विल्यम फॉक्‌नरच्या ‘ॲज आय ले डाइंग’ (१९३०) मध्ये पंधरा निवेदक असून त्यांत एक मृत स्त्रीही आहे. हे तंत्र आशयाशी एकजीव झाल्याचे समकालीन उदाहरण म्हणजे तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक (१९५२– ) ह्याची ‘बेनिम आदम किर्मिझी’ (१९९८, म. अर्थ माझे नाव लाल).

कथानक १५९१ मध्ये इस्तंबूल येथे घडते. सुलतान तिसरा मुराद (कार. १५७४–९५) ह्याच्यासाठी एक ग्रंथ गुप्तपणे फिरंगी धाटणीच्या चित्रांनी सजविला जात असता त्यावर काम करणाऱ्या एका कलावंताचा खून होतो. ५९ प्रकरणांपैकी पहिले त्याच्या प्रेताच्याच तोंडी आहे. पुढे विवाहेच्छू कारा, शेकुरे, फेरीवाली एस्तेर हे बोलतात. कुत्रा, झाड, नाणे, लाल रंगही बोलतात.

ग्रंथातील खरा वाद यथादर्शनाचा आहे. जुन्या चित्रकारांच्या मते जग अल्लाच्या दृष्टीला दिसेल तसे रेखाटावयाचे. म्हणून व्यक्तिगत शैली हा दोष आणि स्वाक्षरी हा अहंकार. व्हेनिसचे चित्रकार मात्र एका माणसाच्या डोळ्याला दिसते तेवढेच रंगवितात. पामुकचे प्रत्येक प्रकरण असेच एका डोळ्यापुरते आहे, सर्वसाक्षी निवेदक कोठेच नाही. पण सर्व प्रकरणे शेजारीशेजारी मांडली, की कोणत्याही एका बिंदूकडे न झुकणाऱ्या लघुचित्राचीच रचना दिसू लागते. ह्या द्वंद्वात कोणाचाही पक्ष न घेणे लेखकाला साधले, ते ह्या तंत्रामुळेच.

खुनी दोन रूपांत बोलतो: कधी निनावी खुनी म्हणून, कधी चित्रशाळेतील आपल्या टोपणनावाने. उस्ताद ओस्मान घोड्याच्या एका चित्रातील नाकपुड्यांवरून चित्रकार शोधू पाहतो. वाचकालाही तिघा संशयितांच्या बोलण्यातील लकब न्याहाळून तोच शोध घ्यावा लागतो. शैलीचा दोष असा जिवावर बेततो.

निवेदक अनेक असले, तरी त्यांचे वक्तृत्व काहीसे एकाच वळणाचे वाटते, हे ह्या कादंबरीचे उणेपण होय. अखेरच्या प्रकरणात शेकुरे सांगते, की ही हकीकत तिने ओरहान ह्या आपल्या मुलाच्या स्वाधीन केली. गोष्ट रंगावी म्हणून तो खोटे सांगावयासही कचरत नाही, असा इशारा ती देते.