बृहन्महाराष्ट्रातील मराठी ग्रंथ व त्यांची सूची

ग्वाल्हेरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात भारतीय संविधानाच्या मूळ प्रतींपैकी एक प्रत जतन केलेली आहे. ती पाहावयास जाणाऱ्यास सूची चाळावी लागत नाही. ती कोठे आहे हे कोणीही सांगतो. इतर ग्रंथांचे भाग्य तसे नसते. ग्रंथ फळीवर असणे आणि तो वाचकाच्या हाती पडणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत, आणि त्या दोहोंना जोडणारी वस्तू म्हणजे सूची. महाराष्ट्राबाहेरील ग्रंथालयांत मराठी ग्रंथ ह्या सूचीतच कसे हरवतात, हे येथे थोडे उलगडून सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका सहकारी शिक्षकांना न. चिं. केळकरांचे टिळकचरित्र हवे होते. एका जुन्या ग्रंथालयात (त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) ते असल्याचे एका वृद्ध सभासदांनी सांगितले होते. सूचीत ‘केळकर’ मिळाले नाहीत, ‘टिळक’ही मिळाले नाहीत. पुस्तक नाही, असे उत्तर घेऊन सहकारी परतले. पुढे मी निराळेच काही शोधीत असता हिंदी चरित्रग्रंथांच्या फळीवर ते खंड उभे दिसले. पत्रकावर नोंद होती: लेखक ‘केलकर’, विषय ‘तिलक’.

लिहिणाऱ्याची ह्यात लबाडी नव्हती, आळसही नव्हता. हिंदीत ‘ळ’ हा वर्ण व्यवहारात नाही, म्हणून त्याने त्याच्या कानास व हातास जे योग्य वाटले ते लिहिले. परंतु परिणाम काय झाला तो पाहावा. मराठी वर्णक्रमात ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, तर ‘ल’ त्याच्या बराच आधी. तेव्हा ‘केळकर’ शोधणारा मराठी वाचक खणाच्या ज्या टोकास पाहतो, तेथे ‘केलकर’चे पत्रक असूच शकत नाही. संगणक आल्यामुळे ही अडचण सुटेल असे वाटले होते. उलट ती अधिक कडक झाली. संगणकास अक्षर दिसत नाही, त्याचा क्रमांक दिसतो. जगभर मान्य असलेल्या युनिकोड तक्त्यात ‘ल’चा क्रमांक २३५४ व ‘ळ’चा २३५५ आहे. तक्त्यात ही अक्षरे शेजारी असली तरी यंत्राच्या लेखी शेजारपणास अर्थ नाही. खणात बोटे फिरविणाऱ्या माणसास चुकून तरी पत्रक सापडे. यंत्र मात्र ‘नोंद नाही’ असे सांगून मोकळे होते. अशा जवळच्या रूपांचाही शोध घेण्यास यंत्रास शिकविता येते, पण ते कोणीतरी शिकवावे लागते.

वर्गीकरणातही असेच आहे. मेल्विल ड्यूई ह्यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती आपल्या बहुतेक ग्रंथालयांत चालते. तीत हिंदी साहित्याचा क्रमांक ८९१.४३ व मराठीचा ८९१.४६. लिपी एकच, मुखपृष्ठ सारखेच, आणि क्रमांक लिहिणाऱ्यास मराठी येत नसेल तर शेवटच्या आकड्याची चूक होणे किती सोपे! त्या एका आकड्याने कवी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाऊन पडतो.

टोपणनावांची कथा तर निराळीच आहे. केशवसुत कोठे लावावयाचे, ‘केशवसुत’खाली की ‘दामले’खाली? गोविंदाग्रज, बाळकराम आणि गडकरी हे तिघे एकच, हे पुण्यातील ग्रंथपालास सांगावे लागत नाही. येथे ते सांगावेच लागते. माधव जूलियन ह्यांचे पटवर्धन हे आडनाव ठाऊक नसलेल्याने त्यांना परदेशी लेखकांत बसविले तर मी त्याला हसणार नाही. ह्यावरचा उपाय जुना व स्वस्त आहे. मुख्य नोंद एका नावाखाली करावी व उरलेल्या प्रत्येक नावाखाली ‘पाहा’ एवढा शब्द लिहून मुख्य नोंदीकडे बोट दाखवावे. डॉ. शि. रा. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचविण्यास स्वतंत्र स्थान दिले. ‘पाहा’ हा शब्द त्या सूत्राचे सर्वांत लहान रूप आहे, असे मला नेहमी वाटते.

बृहन्महाराष्ट्रातील ग्रंथालयांना ही दक्षता अधिक घ्यावी लागते, कारण आमच्या पाठीशी कायदा उभा नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने नव्या ग्रंथाच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील चार ग्रंथालयांकडे पाठवावयाच्या आहेत. त्यांपैकी ग्वाल्हेरला जवळचे म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा त्या राज्यापुरता. शं. ग. दाते ह्यांनी १८०० ते १९३७ ह्या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची १९४३ साली सिद्ध केली, तिच्यामुळे कोणते पुस्तक छापले गेले हे कळते. एका माणसाच्या हातून एवढे काम व्हावे हे आजही नवल वाटते. पण त्या पुस्तकाची प्रत ग्वाल्हेरात कोणत्या फळीवर आहे, हे दाते कसे सांगणार? ते आपणच सांगावयाचे.

आजची स्थिती तर विलक्षण आहे. केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेमुळे शासकीय विद्यापीठांना व महाविद्यालयांना तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली. हे स्वागतार्हच आहे. मात्र ज्या गावात भा. रा. तांब्यांनी अखेरची वर्षे काढली आणि जेथे १९६१ साली कुसुमावती देशपांडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, तेथील विद्यार्थ्यास सातासमुद्रापलीकडचा शोधनिबंध क्षणात मिळावा आणि चार गल्ल्यांपलीकडचे मराठी पुस्तक मिळू नये, हे मनास पटत नाही. मोडी कागदांविषयी तर बोलावयासच नको. मोडी अक्षरांना युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली; ती वाचणारी माणसे मात्र बोटांवर मोजण्याइतकी उरली.

घरोघरीच्या कपाटांचा प्रश्न ह्याहून निकडीचा आहे. आजोबा जातात, नातवंडांस मराठी बोलता येते पण वाचण्याची सवय हिंदीची, आणि कपाट एक तर रद्दीवाल्याकडे जाते किंवा एखाद्या ग्रंथालयास ‘सप्रेम भेट’ होते. दुसरा मार्ग पहिल्याहून फारसा बरा नाही, जर तेथे ती पुस्तके दाखलनोंदवहीत एकगठ्ठा ‘मराठी पुस्तके’ अशा एका ओळीत चढणार असतील.

म्हणून गेली दोन वर्षे आम्ही नववीच्या मुलांकडून त्यांच्या घरच्या मराठी पुस्तकांची नोंद करवितो. नियम थोडे आहेत. मुखपृष्ठावरून लिहावयाचे नाही, आतील नामपृष्ठावरून लिहावयाचे, ‘ळ’ असेल तेथे ‘ळ’च, टोपणनाव व खरे नाव दोन्ही, आणि पुस्तकावर कोणाची सही वा भेटीचा मजकूर असेल तर तोही. परवा एका मुलीने नोंदवही आणून दाखविली. तिच्या पणजीच्या पुस्तकावर नाव होते, साल होते, आणि खाली मोडीत दोन ओळी. त्या रकान्यात तिने पेन्सिलीने लिहिले होते: ‘वाचता आले नाही, कोणाला येत असल्यास सांगावे.’ आम्ही ती नोंद तशीच ठेवली आहे.