कांहीं नव्या अद्भुत कादंबऱ्या

मराठींत 'नॉव्हेल' या वाङ्मयप्रकारास जें नांव रूढ झालें, तें बाणभट्टाच्या ग्रंथावरून आलें, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊकच आहे. परंतु तो ग्रंथ म्हणजे निखळ अद्भुतकथा होय, याचा मात्र आपणांस विसर पडतो. त्यांत पोपट मनुष्यवाणीनें बोलतो आणि शापामुळें प्रत्यक्ष चंद्र मर्त्यलोकीं जन्म घेतो. असें असूनही घरांतील नातवंडांच्या हातीं परग्रहांच्या व मायावी नगरांच्या इंग्रजी कादंबऱ्या दिसल्या, कीं वडील मंडळी 'भाकडकथा' म्हणून त्या बाजूस सारतात. नातवंडेंही मग त्या आपल्या खोलींत, बहुधा मोबाइलच्या पडद्यावर, एकटींच वाचतात. एके काळीं पुराणिकबुवांची कथा आजी आणि नातू एकाच बैठकीस ऐकत. आतां एकाच छपराखालीं दोघांचीं जगें निराळीं झालीं आहेत. कोणत्याही पुस्तकाच्या गुणदोषांपेक्षां ही दरी आम्हांस अधिक चिंतेची वाटते. म्हणूनच गेल्या कांहीं वर्षांतील चार कादंबऱ्यांविषयीं आमचें मत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम परीक्षेची कसोटी सांगणें अवश्य आहे. अद्भुतरसाचा स्थायीभाव विस्मय, असें साहित्यशास्त्र सांगतें. पण विस्मय हा मोठा चंचल भाव आहे. या जगांत वाटेल तें घडूं शकतें, असें एकदां कळलें, कीं पुढें कशाचेंच नवल वाटत नाहीं. बाणानें हें ओळखलें होतें. पुंडरीक मरतांना चंद्रास शाप देतो, चंद्र उलट त्यास शाप देतो, आणि पुढील जन्मांची सारी गुंतागुंत त्या परस्परशापांतूनच निघते. शिवाय या मायाजालाच्या मध्यें शुकनास मंत्री तरुण चंद्रापीडास यौवन व लक्ष्मी यांच्या मदाविषयीं जो उपदेश करतो, तो आजही कोणत्याही घरास लागू पडावा. लेखकानें एक असंभाव्य गोष्ट खुशाल गृहीत धरावी. मात्र तिचे नियम स्वतः पाळावे, आणि त्या नियमांत अडकलेला मनुष्य आपल्या ओळखीचा असावा. याहून अधिक आमचें मागणें नाहीं.

या कसोटीस प्रथम घेऊं ती चिनी लेखक ल्यू त्सशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. वीजकेंद्रांत अभियंत्याचें काम केलेल्या या लेखकाची ही कादंबरी २००८ सालीं ग्रंथरूपानें निघाली, २०१४ सालीं तिचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि २०१५ सालीं तिला ह्यूगो पारितोषिक मिळालें. अनुवादित कादंबरीस तें मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. दोन गोल परस्परांच्या आकर्षणानें कसे फिरतील, हें न्यूटनच्या गणितानें अचूक सांगतां येतें; तिसरा आला, कीं सर्वसामान्य सूत्र हातीं राहत नाहीं, आणि आरंभींचा तिळाएवढा फरक पुढें पर्वताएवढा होतो. या कादंबरींतील एका लोकास तीन सूर्य आहेत. तेव्हां उद्यां सूर्य उगवेल कीं नाहीं, हेंच तेथील रहिवाशांस ठाऊक नसतें. गणितांतील एका अडचणींतून एवढी करुण कल्पना निघावी, हें आम्हांस फार आवडलें. पण खरा आघात पृथ्वीवरच होतो. १९६७ सालच्या सांस्कृतिक क्रांतींत ये वेनजिए या तरुणीच्या प्राध्यापक पित्यास भर सभेंत मारून टाकण्यांत येतें. पुढें परलोकाकडून 'उत्तर देऊं नका' असा इशारा येऊनही ती उत्तर देते, आणि परक्यांस पृथ्वीवर बोलावते. तिचें कृत्य आपणांस पटत नाहीं. पण कळतें, आणि म्हणूनच तें भय उत्पन्न करतें. दोष इतकाच, कीं तिच्या मानानें इतर पात्रें फिकीं आहेत. तीं बोलत नसून लेखकाच्या कल्पना समजावून देत आहेत, असें वारंवार वाटतें.

दुसरी कादंबरी अँडी वीअर यांची 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१). जन्मभर खडू हातीं धरलेल्या आमच्यासारख्यांस तिचा नायक जवळचा वाटला तर नवल नाहीं, कारण रायलंड ग्रेस हा शाळेंत विज्ञान शिकविणारा मास्तर आहे. सूर्याचें तेज खाणाऱ्या सूक्ष्म जीवांवर उपाय शोधण्याकरितां तो सुमारें बारा प्रकाशवर्षें दूर असलेल्या टाउ सेटी या ताऱ्यापाशीं जातो. तेथें त्यास दुसऱ्या लोकींचा एक कारागीर भेटतो. त्यास पांच पाय आहेत, डोळे नाहींत. तो नादानें जग जाणतो, आणि त्याची भाषा म्हणजे निरनिराळे स्वर होत. एकाची हवा दुसऱ्यास प्राणघातक, म्हणून दोघांत सदैव भिंत. अशा स्थितींत दोघे आधीं अंक शिकतात, मग काळाचें व वस्तूंचें माप, मग शब्द. ज्यास मुलाला पहिला धडा देण्याचा प्रसंग आला असेल, त्यास हीं प्रकरणें वाचतांना आनंद झाल्यावांचून राहणार नाहीं. तक्रार एवढीच, कीं प्रत्येक संकट पुढच्या प्रयोगानें सुटतें, आणि विनोद कधीं कधीं नको तेथें डोकावतो. तरीही विद्येची परिणति मैत्रींत व्हावी, हें या पुस्तकाचें तात्पर्य कोणत्या घरास नको असेल?

तिसरी, सुझाना क्लार्क यांची 'पिरानेसी' (२०२०), आकारानें लहान, पण आमच्या मतें या चौघींत सर्वांत सुंदर. तिला २०२१ सालीं स्त्रियांच्या वाङ्मयाकरितां असलेलें ब्रिटनमधील विमेन्स प्राइझ मिळालें. यांत विज्ञान नाहीं. अगणित दालनें असलेलें एक अफाट घर आहे. दालनोदालनीं पुतळे, खालच्या मजल्यांत समुद्राची भरती, वरच्या मजल्यांत मेघ. तेथें राहणारा नायक भरतीओहोटीचें गणित मांडतो, रोजनिशी लिहितो, आणि त्या घरांत सांपडलेल्या तेरा अनोळखी मृतांच्या अस्थींची श्रद्धेनें निगा राखतो. तो त्यांजपाशीं अन्नपाणी नेऊन ठेवतो, त्यांना एकटें वाटूं नये म्हणून जपतो. लेखिकेस आपल्या श्राद्धतर्पणाची कल्पना असो वा नसो, ज्यांच्याशीं रक्ताचा संबंध नाहीं अशा मृतांविषयीं हा आदर वाचून आमच्या वडील वाचकांचें मन भरून येईल. नायकास त्या घरांत कोणीं व कां ठेवलें, हें आम्ही येथें सांगत नाहीं, कारण त्यानें रसभंग होईल.

चौथी कादंबरी, किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' (२०२०), आपल्या दाराशींच येऊन उभी राहते. तिच्या पहिल्या प्रकरणांत उत्तर प्रदेशांत उष्णतेची लाट येते, वीज जाते, आणि लोक तळ्यांत उतरूनही वांचत नाहींत. येथें असंभाव्य म्हणण्याजोगें कांहींच नाहीं. हवेंत ओलावा फार झाला म्हणजे घाम वाळत नाहीं; ओल्या फडक्यानें गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा ३५ अंशांवर गेला, तर धडधाकट माणसाचें शरीरही सावलींत बसून निवूं शकत नाहीं. पुढें ग्रंथांत सभांचीं टिपणें, अर्थशास्त्रावरील प्रवचनें यांची इतकी गर्दी होते, कीं आपण कादंबरी वाचतों कीं सरकारी अहवाल, असा प्रश्न पडतो. आणि ज्या देशांतील माणसें आरंभीं मेलीं, त्यांच्या घरांत पुढें काय झालें, हें लेखक जवळून पाहत नाहीं, ही उणीव आम्हांस खुपली. परंतु तें पहिलें प्रकरण प्रत्येक सुशिक्षित घरांत मोठ्यानें वाचलें जावें. भाकडकथा समजून जें आपण बाजूस सारतों, त्यांत कधीं कधीं आपल्याच अंगणांतील उन्हाची वार्ता असते.

हें सर्व इंग्रजींतच आहे, आपण काय वाचावें, असें म्हणणाऱ्या भगिनींस आम्ही जयंत नारळीकरांची आठवण देतों. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें पाठविली, आणि नांवाच्या वजनावांचून ती पहिली आली. २०२५ च्या मे महिन्यांत ते निवर्तले. त्यांचीं 'प्रेषित' व 'वामन परत न आला' हीं पुस्तकें मात्र घरांत कोणासही वाचतां येण्याजोगीं आहेत.

वडील मंडळींस आमची एकच विनंती आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर नातवंडास जवळ बसवावें, आणि सध्यां तें कोणतें पुस्तक वाचीत आहे, त्याची कथा त्याच्याच तोंडून मराठींत ऐकावी. न पटेल तेथें अवश्य वाद घालावा. कथा सांगतांना मुलाची भाषा सुधारेल, ऐकतांना आपलें जग थोडें वाढेल, आणि पुढच्या रात्रीं राहिलेला भाग सांगण्यास तें आपण होऊन येईल.