धर्म तारक की मारक? उधन्यातून तपासलेले काही समज

सुरतेच्या उधन्यात धर्मावर वाद घालायला माणूस शोधावा लागत नाही. लूमच्या खात्यातली पाळी सुटली की चहाच्या टपरीवर दोन पक्ष तयारच असतात. एक म्हणतो, देवधर्म आहे म्हणून जग चाललंय. दुसरा म्हणतो, सगळ्या भांडणांचं मूळ तिथंच. दाखले दोघांकडे भरपूर, त्यातले निम्मे ऐकीव. धुळे, जळगाव, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीनं येऊन इथं वसलेल्या आपल्या माणसांना मात्र यातलं बरंच काही घरबसल्या तपासता येतं.

समज : दोन धर्म शेजारी आले की दंगल ठरलेली.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडल्यावर सुरत पेटली. दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बहुतेक मुस्लिम. पण ती कुठल्या भागात मारली गेली, हे कुणी विचारत नाही. जुन्या शहरात हिंदू-मुस्लिम पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लावून राहत होते, आणि तिथं फारसं काही झालं नाही. जवळपास सगळे बळी बाहेरच्या नव्या कामगार वस्त्यांतले. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात याची कारणं शोधली आहेत. जुन्या शहरात कापडाचा, जरीचा धंदा दोन्ही समाजांना एकमेकांत गुंतवून होता; व्यापाऱ्यांच्या संघटना एकत्र होत्या, अफवा आली तर ती खोटी आहे हे सांगणारा ओळखीचा माणूस दोन्हीकडे होता. वस्त्यांत तसं काहीच नव्हतं. गाव सोडून आलेले एकटे पुरुष, बारा तासांची पाळी, शेजाऱ्याचं नावसुद्धा धड माहीत नाही.

म्हणजे शहर तेच, धर्म तेच, आठवडाही तोच; निकाल मात्र उलटे. धर्माचा यात हात नव्हता, असं मी म्हणणार नाही. घोषणा धर्माच्याच होत्या, आणि कोणाचं घर जाळायचं हेही धर्म पाहूनच ठरलं. पण धर्म हे एकटं कारण धरलं, तर जुनं शहर का वाचलं याचं उत्तर सापडत नाही.

समज : सण म्हणजे निव्वळ उधळपट्टी. आणि त्याच्या उलट : सण सगळ्यांना जोडतो.

नागपंचमीनंतरच्या रविवारी उधना, लिंबायत, डिंडोलीत घरोघर कानबाई ही देवी बसते. चौरंगावर नारळ, त्याला नथ, डोळे, साज. रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. या एका दिवसासाठी भाऊबंद एकत्र येतात. कुणाचा मुलगा कामाला लागायचाय, कुणाला खोली हवीय, कुणाची सोयरीक अडलीय, हे सगळं त्या रात्री बोललं जातं. परक्या शहरात ही कमाई थोडी नाही.

आता कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाकडे नीट बघा. पिठासाठी गहू मोजायचा तो घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. देवी बाई, राबणाऱ्या बाया, मोजणी पुरुषांची! शिवाय रोट खायचा तो भाऊबंदांनीच. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला त्यात वाटा नाही. एकाच परातीत जोडणंही आहे आणि वगळणंही. लेकीच्या नावाची एक मूठ पडली तर कानबाई रुसेल, असं मला तरी वाटत नाही.



समज : धर्म सोडला म्हणून युरोप सुखी झाला.

स्वीडन, डेन्मार्कमध्ये चर्च ओस आणि लोक सुखात, हे खरं. पण आधी काय झालं? पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये अनेक देशांच्या पाहण्यांवरून मांडलं की उपचार, पेन्शन, नोकरीची हमी आली की धर्माची ओढ हळूहळू उतरते. ज्याला उद्याची खात्री नाही, तो देवाला धरून राहतो. उधन्यातल्या कारागिराला पगारी सुटी नाही, आजारी पडला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. त्याला नास्तिक व्हायचा सल्ला देण्याआधी पीएफचं बघा.

समज : धर्माची चिकित्सा हे देव न मानणाऱ्यांचं काम, आणि जादूटोण्याविरुद्धचे कायदे देवधर्मावर घाला घालतात.

या सुरतेतच १८४४ मध्ये मानवधर्म सभा निघाली. दुर्गाराम मेहताजी हे गुजराती शिक्षक आणि त्यांच्या जोडीला आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर, जे तेव्हा इथं शाळेत शिकवत होते. दोघेही ईश्वर मानणारे. त्यांनी जातिभेदावर टीका केली, मांत्रिकांना भर सभेत आव्हान दिलं. दादोबा पुढं मुंबईत परमहंस सभा या सुधारकांच्या संस्थेत गेले. धाकटे भाऊ आत्माराम यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला. धर्माची झाडाझडती घ्यायला माणसं धर्माच्या आतूनच पुढं आली होती, आणि तीही उधन्यापासून हाकेच्या अंतरावर.

कायद्यांबद्दलचा समजही तसाच चुकीचा. अंधश्रद्धेविरुद्ध झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. गुजरात विधानसभेनं आपला कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला. महाराष्ट्राच्या कायद्यात पूजा, यात्रा, कीर्तन, भजन यांना स्पष्ट सूट आहे. सप्तशृंगीच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांना कुणी अडवत नाही. पण साप चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता गंडेदोऱ्यावर ठेवणं आता दोन्ही राज्यांत गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. गावाकडून मंत्रतंत्र करणारा भगत बोलावणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, आणि रोग्याला आधी मजुरा गेटच्या सिव्हिल हॉस्पिटलला न्यावं.