गेरूच्या कणांना डिंकाचे आवरण

कुंड्यांना लावण्यासाठी पाण्यात कालवलेला गेरू थोडा वेळ तसाच ठेवला, तर तळाशी लाल साका बसतो, हे तुम्ही पाहिले असेल. हा साका बसणे लांबवता येईल का? एक प्रयोग करा.

काचेच्या दोन पेल्यांत सारखेच पाणी घ्या. एका पेल्यात चमचाभर बाभळीचा डिंक रात्रभर भिजू द्या आणि सकाळी ते पाणी गाळून घ्या. मग दोन्ही पेल्यांत चिमूटभर वस्त्रगाळ गेरू टाकून ढवळा. जाड कण दोन्हीकडे तळाशी जातील. परंतु डिंकाच्या पाण्याचा तांबूसपणा जास्त वेळ टिकेल.

असे का व्हावे? गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडामुळे येतो. त्याचे सूक्ष्म कण पाण्यात एकमेकांवर आदळतात व चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. कणाचा व्यास दुप्पट झाला, की त्याचा बुडण्याचा वेग चौपट होतो! म्हणजे कणांना एकमेकांपासून दूर ठेवले पाहिजे.

हे काम डिंक करतो. डिंक ही मुख्यतः बहुशर्करा आहे. म्हणजे साध्या शर्करांचे अनेक रेणू जोडून बनलेला मोठा रेणू. ऑक्साइडाच्या पृष्ठभागाला तो अनेक ठिकाणी चिकटतो. एक पकड सुटली तरी बाकीच्या टिकतात. यालाच ‘अधिशोषण’ म्हणतात. रेणूचे उरलेले भाग पाण्यात पसरलेले राहतात. असे दोन कण जवळ आले, की या भागांची दाटी होते. शिवाय डिंकावर ऋण विद्युत् भार असल्याने कण परस्परांना दूर ढकलतात. डिंकाने पाणी किंचित दाट होते, त्याचाही थोडा हातभार लागतो.

मात्र बहुशर्करा फार थोडी असेल, तर उलटेच घडू शकते! एकच लांब रेणू दोन कणांना धरतो, त्यांच्यामध्ये जणू पूल बांधतो आणि गुठळ्या होतात.

हे तत्त्व औषधांतही उपयोगी पडते. रक्तक्षयावरील काही इंजेक्शनांत लोहसंयुगाच्या अतिसूक्ष्म कणांभोवती डेक्स्ट्रान या बहुशर्करेचे आवरण असते. त्यामुळे कण गोळा होऊन तळाशी बसत नाहीत व शरीराला लोह सावकाश मिळते.

आता तिसरा पेला घ्या. त्यात डिंकाच्या पाण्याचे दोनच थेंब टाका. काय दिसते? निरीक्षणे वहीत लिहून ठेवा.