प्रश्न कोणताही, उत्तर ‘मार्क्स’

ब्रिटनमधली ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही प्रश्नमंजूषा १९६२ साली सुरू झाली. दोन संघ, प्रत्येकी चार विद्यार्थी. बझर आधी दाबून बरोबर उत्तर देणाऱ्याला १० गुण, मग त्याच्या संघाला पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न.

१९७५ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या संघाने तिथे सत्याग्रहच मांडला. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे प्रत्येक कॉलेज वेगळा संघ उतरवणार, बाकी विद्यापीठांना मात्र एकेकच. हा कुठला न्याय? म्हणून पोरांनी प्रश्नामागून प्रश्नाला मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की किंवा चे गेव्हारा हेच उत्तर दिले. त्या चौघांत पुढे नामवंत स्तंभलेखक झालेले डेव्हिड आरोनोविच होते. विद्यापीठावर काही वर्षे बंदी आली. गंमत म्हणजे कार्यक्रम बनवणारी ग्रॅनाडा कंपनी मँचेस्टरचीच!

याच मँचेस्टरने २००६, २००९, २०१२ आणि २०१३ मध्ये विजेतेपद पटकावले. त्यांतले २००९चे जरा आडवाटेने आले : अंतिम सामना जिंकला होता ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजने, पण त्यांचा एक खेळाडू स्पर्धा संपेपर्यंत विद्यार्थीच उरला नव्हता. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांना वेगवेगळे संघ उतरवू देणारा तो जुना नियम मात्र आजही तसाच आहे.