शेजाऱ्यांनी ठेवलेली नावे

रायपूरच्या मराठी माणसाला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो, ‘आप कहाँ के हैं?’ तीन-चार पिढ्या इथेच गेल्या असल्या तरी उत्तर देताना तो क्षणभर अडखळतो. मराठी म्हणावे की छत्तीसगढिया?

पण ‘छत्तीसगढिया’ हे नाव तरी कुठे सरळ आहे? छत्तीसगड म्हणजे छत्तीस गड. कलचुरी राजांच्या काळी शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे अठरा व दक्षिणेला रायपूरचे अठरा गड होते, असे सांगतात. हे गड म्हणजे आपल्या सिंहगडासारखे डोंगरी किल्ले नव्हेत. साधारण चौऱ्याऐंशी गावांचा कारभार मिळून एक गड होई. रायबहादूर हिरालाल यांनी मात्र हे नाव चेदी राजांच्या ‘चेदीशगढ’वरून आल्याचे मत मांडले.

गंमत म्हणजे शेजाऱ्यांची नावे आणखी निराळी! बालाघाटच्या डोंगरावरचे लोक या सखल मैदानाला ‘खलोटी’ म्हणत, म्हणून इथली बोली झाली ‘खल्टाही’. आपले ‘खाली’ त्यात सहज ऐकू येते. संबळपूरकडे हीच बोली ‘लरिया’!

हे साऱ्या जगात घडते. फ्रेंचांनी जुन्या अलेमानी टोळ्यांचे नाव सगळ्याच जर्मनांना दिले. अठराव्या शतकात हंगेरीत नाना प्रांतांतून आलेले जर्मन शेतकरी सरसकट ‘श्वाब’ म्हणजे श्वाबिया प्रांताचे ठरले. त्यांतले बहुतेक श्वाबियाचे नव्हतेच! तरी पुढे तेच नाव त्यांनी आपले मानले.

भोसल्यांच्या फौजा 1741 मध्ये इकडे आल्या. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी मराठी कुटुंबे येतच राहिली. कुणी वऱ्हाडचे, कुणी कोकणचे. इथल्या लोकांच्या लेखी मात्र सगळे ‘मराठी’च.

1 नोव्हेंबर 2000 रोजी राज्य झाले आणि एकेकाळी गावंढळ म्हणून हिणवायला वापरले जाणारे ‘छत्तीसगढिया’ हे नाव लोक छाती फुगवून सांगू लागले. नाव तेच, सांगणारा बदलला!

म्हणून मुलाने विचारले, ‘आई, आपण कोण?’ तर अडखळू नका. घरी मराठी बोलणारे आपण छत्तीसगढिया, असे खुशाल सांगा. एका नावासाठी दुसरे टाकावे लागत नाही.